दान्ते गाब्रिएल रोझेटी : चित्रं, चेहरे आणि सुनीतं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोझेटी चित्रकार होता की कवी?

दोन्ही, आणि एक सोडून दुसरं असं नव्हे. अनेक चित्रांसाठी त्याने स्वतः सुनीत (चौदा ओळींची कविता) लिहिलं आणि ते चौकटीवर किंवा थेट कॅनव्हासवर उतरवलं. त्यामुळे त्याचं चित्र नुसतं पाहिलं तर अर्धंच हाती लागतं, आणि कविता नुसती वाचली तरी तेच.

जन्म लंडनमध्ये, १२ मे १८२८. मृत्यू केंटमधल्या समुद्रकाठच्या बर्चिंग्टन गावी, ९ एप्रिल १८८२. वडील गाब्रिएले हे राजकीय कारणांमुळे इटली सोडावी लागलेले कवी. लंडनच्या किंग्ज कॉलेजात ते इटालियन शिकवत आणि घरी आयुष्यभर मध्ययुगीन इटालियन कवी दान्तेच्या काव्याचा अर्थ लावत बसत. बाप्तिस्म्याचं नाव गाब्रिएल चार्ल्स दान्ते. त्यातलं 'दान्ते' पुढे आणलं ते मुलाने स्वतः.

संदर्भ शोधताना 'रोझेटी' या नावाचे बरेच जण सापडतात. घोळ कसा टाळायचा?

भावंडं चार आणि चौघंही लिहिणारी: मारिया (१८२७), दान्ते गाब्रिएल (१८२८), विल्यम मायकेल (१८२९), ख्रिस्तिना (१८३०). नुसतं 'रोझेटी' असं लिहिलेली कविता दिसली तर ती ख्रिस्तिनाची असण्याची शक्यता बरीच असते. पत्रं आणि आठवणींचे खंड बहुधा विल्यम मायकेलने संपादित केलेले. चित्राच्या कोपऱ्यात डी, जी आणि आर ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली दिसली, तर ती दान्ते गाब्रिएलची खूण.

प्री-राफेलाइट म्हणजे नेमकं काय?

सप्टेंबर १८४८ मध्ये लंडनच्या गॉवर स्ट्रीटवर, मिलेच्या घरी सात तरुणांनी काढलेलं मंडळ. रोझेटी, हंट, मिले, विल्यम मायकेल रोझेटी, वूल्नर, कॉलिन्सन आणि स्टीफन्स हे ते सात. राफेलच्या नंतर चित्रकला साच्यात अडकली, अकादमीत शिकवले जाणारे काळपट तपकिरी रंग आणि ठरीव मांडणी खोटी आहे, असं त्यांचं म्हणणं. मंडळ पाचेक वर्षांत विस्कटलं. रोझेटीची जी चित्रं आज सगळीकडे छापली जातात, त्यांतली बहुतेक त्यानंतरची आहेत.

पाण्यात तरंगणारी ओफेलिया रोझेटीचीच ना?

नाही, ती मिलेची, १८५१–५२ मधली. गोंधळ होतो कारण तिच्यासाठी बसली होती एलिझाबेथ सिडल, जी पुढे रोझेटीची पत्नी झाली. नावेतली 'लेडी ऑफ शॅलॉट'सुद्धा त्याची नव्हे; ती वॉटरहाउसची, १८८८ ची, म्हणजे रोझेटी गेल्यानंतरची.

ही चित्रं व्यक्तिचित्रं समजायची का?

सरसकट नाही. तीन थर वेगळे ठेवले की बरंच स्पष्ट होतं.

पहिला थर खऱ्या व्यक्तिचित्रांचा. कवी ब्राउनिंगचं जलरंगातलं (१८५५), कवी स्विनबर्नचं (१८६१), आणि आई व ख्रिस्तिना या दोघींचं रंगीत खडूतलं (१८७७) ही चित्रं यात येतात. इथे माणूस जसा आहे तसा दिसावा हाच हेतू.

दुसरा थर घरगुती रेखाटनांचा: खुर्चीत रेललेली, वाचत बसलेली, डुलकी लागलेली सिडल. पेन्सिल आणि शाई, कागद लहान, नाव-गाव काही नाही. आमच्या मते त्याच्या हातून उतरलेलं सगळ्यात प्रामाणिक काम हेच.

तिसरा थर प्रसिद्ध चित्रांचा: कमरेपर्यंतची एकच स्त्री, सभोवती फुलं, जरतारी कापड, आरसा, वाद्य. याची सुरुवात १८५९ च्या 'बोका बाचाता'पासून झाली. लाकडी फळीवरचं हे तैलचित्र जेमतेम ३२ × २७ सेंटीमीटर आहे आणि आता बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. मागच्या बाजूला जुना इटालियन लेखक बोकाचो याचं वचन लिहिलं आहे: चुंबिलेलं मुख आपलं भाग्य गमावत नाही, चंद्रासारखं पुन्हा नवं होतं. या थरात चेहरा खऱ्या बाईचा, पण नाव पुराणातलं किंवा दान्तेच्या काव्यातलं. 'पुराणकथेतली लिलिथ कशी दिसायची' असं इथे विचारता येत नाही. कोण बसली होती, कधी बसली होती, आणि तिच्यावर कोणती कविता चढवली आहे, हे विचारावं.

मॉडेल कोण कोण होत्या? त्यांना ओळखायचं कसं?

चौघी लक्षात ठेवल्या की बहुतेक चित्रं उलगडतात.

एलिझाबेथ सिडल (१८२९–१८६२). तांबूस केस, जड पापण्या, उंच सडपातळ बांधा, हनुवटी किंचित वर. १८५० च्या दशकातले जलरंग आणि रेखाटनं बहुतांशी तिचीच.

फॅनी कॉर्नफोर्थ (१८३५–१९०९). सोनेरी दाट केस, रुंद गळा, भरलेला चेहरा. 'बोका बाचाता', 'फेअर रोझामंड' (१८६१, कार्डिफ) आणि 'द ब्लू बावर' (१८६५, बर्मिंगहॅमचं बार्बर इन्स्टिट्यूट) या तिन्हींत ती आहे. बऱ्याच जुन्या चरित्रांत तिला हिणवलं आहे. पण वर्षानुवर्षं रोझेटीचं घर तिनेच सांभाळलं आणि त्याच्या रंगाला ऊब आली ती तिच्या चित्रांत. हे नोंदवायलाच हवं.

अलेक्सा वाइल्डिंग. रेखीव, शांत, लहान ओठ, डोळ्यांत फारसा भाव नाही. ती शिवणकाम करणारी मुलगी. रोझेटीला १८६५ मध्ये रस्त्यात दिसली आणि पुढे आठवड्याच्या पगारावर बसायला येऊ लागली. 'मोना व्हाना' (१८६६, लंडनचं टेट), 'व्हेरोनिका व्हेरोनेझे' (१८७२, अमेरिकेतलं डेलावेअर संग्रहालय) आणि 'ला गिर्लांदाता' (१८७३, लंडनची गिल्डहॉल गॅलरी) या तिघी म्हणजे तीच.

जेन मॉरिस (१८३९–१९१४). कुरळे, गर्द, पसरट केस, जाड भुवया, लांब वळणदार गळा, वरच्या ओठाची ठळक कमान. ऑक्सफर्डच्या एका तबेल्यात काम करणाऱ्याची मुलगी. १८५७ मध्ये रोझेटीला भेटली आणि १८५९ मध्ये विल्यम मॉरिसशी तिचं लग्न झालं. 'प्रॉसर्पाइन', 'अस्टार्टे सिरियाका' (१८७७, मँचेस्टर) आणि 'द डे ड्रीम' (१८८०, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय) यांत ती आहे.

फसायला होतं ते केसांवरून. रोझेटी केसांचा रंग चित्राच्या गरजेप्रमाणे बदलत असे: बर्मिंगहॅमच्या छोट्या 'प्रॉसर्पाइन'मध्ये जेनचे केस तांबडे आहेत. म्हणून आधी वरचा ओठ, मग गळा, मग भुवया पाहाव्यात. केस सगळ्यांत शेवटी.

एकाच चित्रावर दोन मॉडेलची नावं का लिहिलेली असतात?

कारण रोझेटी पूर्ण झालेल्या चित्रावर पुन्हा रंग चढवत असे. ठळक उदाहरण 'लेडी लिलिथ'. हे तैलचित्र १८६६–६८ मध्ये फॅनीला बसवून रंगवलं आणि लिव्हरपूलचा जहाजमालक लेलँड याला विकलं. १८७२–७३ मध्ये ते परत आणून फॅनीचा चेहरा खरवडला आणि तिथे अलेक्साचा बसवला. आज डेलावेअरमध्ये दिसतं ते हे बदललेलं रूप. मूळ चेहरा बघायचा असेल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली १८६७ ची जलरंगातली आवृत्ती उघडावी. तिथे फॅनी अजून केस विंचरते आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या की डोकं आणि खांदे यांच्यातला तैलचित्रातला सांधा लक्षात येतो: शरीर एका स्वभावाचं, मुद्रा दुसऱ्या.

म्हणून तारीख '१८६६–६८, बदल १८७२–७३' अशी दिली असेल तर दुसरा भाग गाळू नये. चेहऱ्याची तारीख तीच असते.

'बेआटा बेआट्रिक्स'मध्ये मरणाऱ्या पत्नीचं चित्र आहे का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सर्वांत जास्त चुकीचं उत्तर मिळणाराही.

चित्र टेट ब्रिटनमध्ये आहे, आकार ८६.४ × ६६ सेंटीमीटर, क्रमांक एन०१२७९. सिडल ११ फेब्रुवारी १८६२ ला अफूच्या अर्काची मात्रा जास्त झाल्याने गेली. रोझेटीने या चित्रावर खरं काम केलं ते १८६४ ते १८७० या काळात. म्हणजे ती समोर बसलेली नाही. जुन्या अभ्यासांवरून आणि स्मरणातून तिचा चेहरा आला आहे.

विषय दान्तेच्या काव्यातली प्रिया बेआट्रिचे हिचा. ती मरते आहे असं नव्हे, तर एका समाधीत स्वर्गाकडे नेली जाते आहे, असं रोझेटीने स्वतः स्पष्ट केलं होतं. खुणा या क्रमाने पाहाव्यात. पक्षी लाल आहे, मृत्यूचा दूत; त्याच्या चोचीतलं पांढरं अफूचं फूल तिच्या उघड्या तळहातांवर पडतं आहे. सूर्यघडीची सावली नवावर आहे: दान्तेच्या लेखी नऊ हा बेआट्रिचेचा आकडा, आणि ती गेली ९ जून १२९० ला. मागे एका बाजूला दान्ते, दुसऱ्या बाजूला हातात ज्योत घेतलेला प्रेमदेव, मधे फ्लॉरेन्सचा पूल. चौकटीवर ती तारीख आणि 'नगरी कशी एकाकी बसली आहे' हे लॅटिन वचन आहे.

अफूचं फूल आणि अफूचा अर्क यांचा संबंध प्रेक्षकाच्या मनात आपोआप जुळतो, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. पण पाहण्याची सुरुवात तिथून केली तर दान्ते निसटतो आणि चित्र नुसती शोकवार्ता होऊन बसतं.

या चित्राच्या इतर प्रतींमध्ये पक्षी वेगळ्या रंगाचा का दिसतो?

बर्मिंगहॅमच्या प्रतीत पक्षी पांढरा आणि फूल लाल आहे. टेटच्या चित्राच्या बरोबर उलट. ती रोझेटीच्या हातून अपुरी राहिली आणि फोर्ड मॅडॉक्स ब्राउनने पूर्ण केली. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधली प्रत विल्यम ग्रॅहॅम या गिऱ्हाइकासाठी केलेली; तिच्या तळाशी दान्ते आणि बेआट्रिचेची स्वर्गातली भेट दाखवणारी वेगळी पट्टी आहे. प्रती करण्याचं कारण सरळ आहे: गिऱ्हाईक त्याच विषयाची मागणी करत आणि तयार मांडणीवर पैसे लवकर मिळत. उत्तरकाळात हेन्री ट्रेफ्री डन हा साहाय्यक प्रतींच्या कामात हात लावत असे. छापील चित्राखाली संग्रहालयाचं नाव नसेल तर आपण कोणती प्रत पाहतो आहोत हे आधी निश्चित करावं.

'प्रॉसर्पाइन'वर इटालियनमध्ये काय लिहिलं आहे?

उजव्या वरच्या कोपऱ्यात रोझेटीचंच इटालियन सुनीत आहे. त्याचं इंग्रजी रूप चौकटीवर. टेटच्या १८७४ च्या या चित्रासाठी (१२५.१ × ६१ सेंटीमीटर) त्याने अनेक कॅनव्हास सुरू केले आणि टाकून दिले. पाताळाच्या राणीने डाळिंबाचे दाणे खाल्ले, म्हणून तिला वर्षातला काही काळ तिथेच काढावा लागतो. हातात चावलेलं डाळिंब, मागच्या भिंतीवर क्षणभर वरच्या जगातून आलेल्या उजेडाचा तुकडा. नजर मात्र उजेडाकडे नाही. सुनीताचे पहिले शब्दही त्या दुरून आलेल्या थंड उजेडाबद्दलच आहेत. चित्र आणि कविता एकमेकांत किती घट्ट बसतात हे पाहायला याहून चांगला नमुना नाही.

सुनीत आणि चित्र एकत्र वाचायची काही पद्धत आहे का?

आहे. केशवसुतांनी मराठीत आणलेला चौदा ओळींचा प्रकार ज्यांनी वाचला आहे, त्यांना अवघड जाणार नाही. रोझेटी इटालियन घडण वापरतो: आठ ओळी, मग सहा. त्या दोन भागांत तो छापतानाही जागा सोडतो.

आधी पहिल्या आठ ओळी वाचाव्यात आणि त्यांत आलेली प्रत्येक वस्तू चित्रात बोटाने शोधावी: फूल, दिवा, कापड, पाणी. त्या बहुधा सापडतात. मग चित्र बाजूला ठेवून शेवटच्या सहा ओळी वाचाव्यात. इथे काळ येतो, आधी काय झालं आणि पुढे काय होणार ते, आणि चित्राला दाखवता येत नाही ते हेच. त्यानंतर पुन्हा चेहऱ्याकडे बघावं. ज्यांना चेहरा कोरा किंवा बधिर वाटतो, त्यांचं मत या तिसऱ्या पाहण्यात बरेचदा बदलतं.

सुरुवातीला दोन जोड्या घ्याव्यात. 'लेडी लिलिथ' आणि तिचं सुनीत देहाच्या सौंदर्यावर. 'सिबिला पाल्मिफेरा' (१८६६–७०, पोर्ट सनलाइटची लेडी लीव्हर गॅलरी) आणि तिचं सुनीत आत्म्याच्या सौंदर्यावर. दोन्ही सुनीतं पुढे 'द हाउस ऑफ लाइफ' या मालिकेत शेजारी बसवली गेली. त्या मालिकेच्या १८८१ च्या पूर्ण रूपात १०१ सुनीतं आणि एक प्रास्ताविक सुनीत आहे.

कबर उघडून कविता काढल्या, हे खरं का?

खरं. सिडलच्या शवपेटीत रोझेटीने आपल्या कवितांची एकमेव वही ठेवली होती. ऑक्टोबर १८६९ मध्ये गृहमंत्र्यांच्या परवानगीने हायगेट स्मशानभूमीत रात्री कबर उघडली गेली. देखरेख रोझेटीचे व्यवहार पाहणाऱ्या चार्ल्स ऑगस्टस हॉवेलची. रोझेटी स्वतः हजर नव्हता. वही ओली होती, पानं किड्यांनी खाल्लेली. ती जंतुनाशकात भिजवून एका डॉक्टरने वाळवली. १८७० मध्ये कवितासंग्रह आला. १८७१ मध्ये रॉबर्ट ब्यूकॅननने टोपणनावाने त्याच्यावर 'मांसल संप्रदाय' म्हणून कडाडून टीका केली आणि जून १८७२ मध्ये रोझेटीची प्रकृती पार ढासळली. सिडलचे केस कबरीत वाढत राहिल्याची कथा हॉवेलकडून आलेली आहे. केस मृत्यूनंतर वाढत नाहीत; ती कथा पुढे सांगू नये.

सिडल फक्त मॉडेल होती का?

मुळीच नाही. ती चित्रकार आणि कवयित्री होती. कलासमीक्षक रस्किनने १८५५ मध्ये तिच्या कामाच्या बदल्यात वर्षाला १५० पौंड देऊ केले. १८५७ च्या लंडनमधल्या प्री-राफेलाइट प्रदर्शनात चित्रं मांडणारी ती एकटीच स्त्री. १८५३–५४ मधलं तिचं गोल आत्मचित्र रोझेटीच्या कोणत्याही चित्राशेजारी ठेवून पाहावं: तोंड आवळलेलं, नजर सरळ, स्वप्नाळूपणाचा लवलेश नाही. तिचं मूळ आडनाव शेवटी दोन 'एल' असलेलं. एक रोझेटीने गाळला. जुन्या कागदपत्रांत शोधताना दोन्ही रूपं वापरावी लागतात.

ख्रिस्तिनाची या चित्रांवरची कविता कोणती?

'इन ॲन आर्टिस्ट्स स्टुडिओ', डिसेंबर १८५६ मध्ये लिहिलेली, ख्रिस्तिना गेल्यानंतर १८९६ मध्ये छापलेली. सगळ्या कॅनव्हासांतून एकच चेहरा बाहेर बघतो, पण तो ती आहे तशी नव्हे, चित्रकाराच्या स्वप्नात आहे तशी, असं बहिणीने चौदा ओळींत सांगितलं. ती स्वतः भावासाठी बसलेली होती: 'द गर्लहुड ऑफ मेरी व्हर्जिन'मधली (१८४८–४९) मेरी तीच, आणि शेजारची संत ॲन म्हणजे त्यांची आई.

खुद्द रोझेटीची चित्रं आणि छायाचित्रं कुठे आहेत?

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत १८४७ चं पेन्सिलीतलं आत्मचित्र आहे. लांब केसांचा, हळव्या डोळ्यांचा मुलगा. तिथेच चित्रकार वॉट्सने साधारण १८७१ मध्ये केलेलं तैलचित्र आणि साहाय्यक डनने रंगवलेली रोझेटीच्या चेनी वॉकवरच्या घरातली बैठकीची खोली. लुईस कॅरॉलने ऑक्टोबर १८६३ मध्ये त्याच घराच्या बागेत या कुटुंबाची छायाचित्रं काढली. मिलेच्या 'लोरेन्झो अँड इझाबेला'मध्ये (१८४९, लिव्हरपूल) टेबलाच्या टोकाशी प्याला रिकामा करणारा माणूसही रोझेटीच.

ऑक्सफर्डची भित्तिचित्रं इतकी पुसट का?

कारण भिंत तयारच केली नव्हती. १८५७ मध्ये ऑक्सफर्ड युनियनच्या नव्या सभागृहात रोझेटी, मॉरिस, बर्न-जोन्स आणि मित्रांनी काम घेतलं, मानधन न घेता, फक्त सामान आणि राहण्याखाण्याच्या खर्चावर. विटांचं बांधकाम ताजं होतं, चुना पुरता वाळलेला नव्हता. त्यावर गिलावा न करता नुसता सफेदीचा हात दिला आणि त्यावर पाण्यात कालवलेले रंग लावले. भिंतीतली ओल बाहेर येऊ लागली तसा रंग सुटला. उरलेल्यावर गॅसच्या दिव्यांची काजळी बसली. खऱ्या ओल्या गिलाव्यावरच्या चित्रात रंग चुन्यात मुरतो आणि त्याच्याबरोबर घट्ट होतो; इथे तो नुसता वर बसला होता. शिवाय प्रत्येक चित्राच्या मधोमध खिडक्या आहेत. ढगाळ दिवशी गेलं तर थोडं अधिक दिसतं.

रोझेटीसारखं खडूतलं डोकं सरावासाठी काढायचं तर?

साधारण २२ × १५ इंचांचा फिकट हिरवट-करडा कागद घ्यावा, पांढरा नको. चार खडू पुरतात: तांबूस तपकिरी, काळा, फिकट लाल आणि पांढरा. संपूर्ण रेखाटन तांबूस खडूने, टोक धारदार ठेवून. मधल्या छटा खडूने भरू नयेत. तिथे कागदच दिसू द्यावा, त्वचेचा थंडपणा त्यातूनच येतो. काळा फक्त पापण्या, नाकपुड्या, ओठांची मधली रेघ आणि केसांच्या खोल जागांसाठी.

चुका ठरलेल्या असतात. केस एकेक काढले की सुतळी दिसते. आधी सपाट खडूने मोठा आकार, मग कडेला मोजक्या रेषा. बोटाने घासलं की त्वचेचं तेल कागदाला लागून डाग राहतो. कागदाची गुंडाळी वापरावी. खडू पक्का करणारा फवारा (फिक्सेटिव्ह) मारल्यावर पांढरा विरून जातो, म्हणून आधी एक फूटभर अंतरावरून दोन पातळ हात मारावेत, वाळू द्यावं आणि पांढरे ठिपके शेवटी ठेवावेत. चौकटीत काच घालावी. ॲक्रिलिकच्या तावात स्थिर वीज असते आणि ती खडूची पूड ओढून घेते.

चित्रांच्या प्रतिमा पुस्तकात किंवा ब्लॉगवर वापरता येतील का?

रोझेटी १८८२ मध्ये गेला. भारतात स्वामित्वहक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, तेव्हा मूळ चित्रांवर हक्क उरलेला नाही. अडचण येते ती संग्रहालयाने काढलेल्या छायाचित्राच्या अटींमुळे. त्या प्रत्येक ठिकाणी वेगळ्या. मेट्रोपॉलिटन आणि शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट यांनी आपल्याकडच्या मुक्त चित्रांच्या मोठ्या प्रतिमा विनाशुल्क खुल्या केल्या आहेत. म्हणजे जलरंगातली 'लेडी लिलिथ' आणि 'बेआटा बेआट्रिक्स'ची एक प्रत निर्धास्त वापरता येते. मजकुरात कोणती आवृत्ती ते मात्र लिहावं.

लंडनला एकच दिवस असेल तर काय पाहावं?

सकाळी टेट ब्रिटन, दुपारी नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी. दोन्हींचे कायमचे संग्रह विनाशुल्क आहेत. चित्रं उसनी जातात आणि दालनं बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी संकेतस्थळावर प्रत्येक चित्राच्या क्रमांकासमोर 'प्रदर्शनात आहे' असं लिहिलं आहे का ते बघावं. खडू आणि पेन्सिलीतली कामं उजेडाने बिघडतात, त्यामुळे ती बहुतेक काळ पेटीत असतात. सिडलची रेखाटनं पाहायची असतील तर केंब्रिजच्या फिट्झविल्यम किंवा ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाच्या रेखाटन विभागाला काही आठवडे आधी चित्रांचे क्रमांक देऊन वेळ मागावी. सोबत फक्त पेन्सिल न्यावी. पेन आत नेऊ देत नाहीत.